वळणे आणि थांबणे : मोटारीच्या पॉवर स्टेअरिंग व ब्रेक यंत्रणांच्या देखभालीची प्रस्तावना

चालत्या मोटारीकडून माणसाच्या मुळात दोनच मागण्या असतात : सांगितले तिकडे तिने वळावे आणि सांगितले तेव्हा थांबावे. इंजिन कितीही शक्तिमान असले तरी या दोन मागण्या पुऱ्या होत नसतील तर त्या शक्तीचा उपयोग उरत नाही, धोका तेवढा उरतो; म्हणूनच मोटारीच्या देखभालीत स्टेअरिंग आणि ब्रेक या यंत्रणांना इतर सर्व भागांच्या आधीचे स्थान द्यावे लागते. बंद पडलेले इंजिन प्रवाशाला रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवते, परंतु ऐन वेळी न लागलेला ब्रेक चूक सुधारायला अवधी देत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या दोन यंत्रणांची रचना, त्यांच्या बिघाडाची लक्षणे आणि त्यांच्या देखभालीची रीत हा आहे.

या दोन यंत्रणांचा विचार एकाच पुस्तकात का करावा, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले कारण टायरमध्ये आहे. प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेतच टेकलेला असतो आणि मोटारीची सगळी पकड अशा चार तळहातांवर अवलंबून असते. ही पकड वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी वाटून घ्यावी लागते. जोराने ब्रेक लावल्यामुळे पुढची चाके फिरायची थांबली आणि नुसती घसरू लागली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लॉक’ झाली, की स्टेअरिंग कितीही फिरवले तरी मोटार आधीच्याच दिशेने सरकत राहते. चाके लॉक होऊ न देणारी जी यंत्रणा एबीएस या नावाने ओळखली जाते तिचे मुख्य काम थांबण्याचे अंतर कमी करणे हे नसून, ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही चालकाच्या हातात वळण्याची शक्यता शिल्लक ठेवणे हे आहे. एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. थांबणे आणि वळणे या क्रिया चालकाला वेगळ्या वाटत असल्या तरी रस्त्याच्या दृष्टीने त्या एकाच पकडीचे दोन वाटेकरी आहेत.

दुसरे कारण असे की, ब्रेक आणि द्रवाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग या दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. बंदिस्त द्रवाच्या एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने मांडले आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. ब्रेकमध्ये त्याचा उपयोग कसा होतो हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. चालकाने पेडलवर २० किलो भार दिला आणि पेडलच्या तरफेने तो चौपट केला, तर मास्टर सिलिंडरमधील, म्हणजे दाब निर्माण करणाऱ्या मुख्य नळकांड्यातील दट्ट्यावर ८० किलो भार येतो. हा दट्ट्या २० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्या ५४ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळांच्या प्रमाणात तो भार सुमारे सव्वासातपट होऊन प्रत्येक कॅलिपरमध्ये ५८० किलोंच्या आसपास पोहोचतो. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. मोठा दट्ट्या केसभर सरकावा म्हणून लहान दट्ट्याला त्याच्या कितीतरी पट अंतर कापावे लागते. यातूनच देखभालीचा पहिला धडा निघतो : पेडलच्या थोड्याशा प्रवासावर सारा खेळ असल्यामुळे नळीत हवेचा लहानसा बुडबुडा शिरला तरी त्या प्रवासाचा बराच भाग हवा दाबण्यातच खर्ची पडतो आणि चाकाशी पोहोचायला थोडेच उरते.

तिसरे कारण इंजिनाशी निगडित आहे. पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे चालकाच्या पायाला मदत करणारा गोल डबा, पेट्रोल इंजिनाच्या हवा ओढण्यातून निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालतो. डिझेल इंजिनाला त्यासाठी स्वतंत्र निर्वात पंप जोडलेला असतो. विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगलाही वीज लागते आणि ती चालत्या गाडीत अखेर इंजिनच पुरवते. तेव्हा इंजिन हे हात आणि पाय या दोघांचाही मूक सहकारी आहे. पेट्रोल वाचवण्याच्या हेतूने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची जी सवय अनेक चालकांत आढळते तिचा धोका यावरून कळेल : बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एक-दोन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते, त्याच वेळी स्टेअरिंगही जड होते आणि किल्ली काढली गेल्यास ते जागीच अडकून बसते. दोन्ही मदती एकाच क्षणी, आणि त्यांची सर्वांत अधिक गरज असलेल्या जागी, निघून जातात.

या यंत्रणांचा इतिहास म्हणजे चालकाचे श्रम क्रमाक्रमाने हलके होत गेल्याची कथा आहे. आरंभीच्या मोटारींचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात, आणि त्या सर्व चाकांवर समान ताणलेल्या ठेवणे हे कसबाचे काम होते. माल्कम लॉकहीड यांनी द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक विकसित केला आणि १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझनबर्ग कंपनीच्या मोटारीत तो चारही चाकांवर आला. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते, परंतु त्याचे सामर्थ्य जगाला दिसले ते १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. स्टेअरिंगच्या बाबतीत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ च्या सुमारास द्रवाच्या दाबाची मदत देणारी यंत्रणा प्रत्यक्ष मोटारीवर चालवून दाखवली, पण विक्रीच्या प्रवासी मोटारीत ती यायला १९५१ सालची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली. पुढे १९८८ साली जपानमध्ये सुझुकीने छोट्या मोटारीत विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग आणले. मराठी वाचकाला हा प्रवास मुंबईच्या रस्त्यावर ताडून पाहता येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने अनेक दशके शहराची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी खांद्याच्या जोरावर वळवावी लागे आणि तिचे ड्रम ब्रेक पायाच्या जोरावर लावावे लागत. आजच्या साध्यातल्या साध्या मोटारीचे स्टेअरिंग उभ्या गाडीतही सहज फिरते.

सोयीच्या या वाढीला एक दुसरी बाजू आहे आणि तीच या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे. जी यंत्रणा माणसाचे श्रम हलके करते ती त्याच प्रमाणात स्वतःची झीजही त्याच्यापासून लपवते. दांडीच्या ब्रेकमध्ये तार सैल झाली की पायाला त्याच दिवशी कळत असे. आजच्या कॅलिपरमध्ये तबकडीला घासणारा पॅड जसजसा झिजेल तसतसा दट्ट्या आपोआप पुढे सरकतो आणि पॅड संपत येईपर्यंत पेडलच्या स्पर्शात फरक जाणवत नाही. जुन्या स्टेअरिंगमध्ये एखादा सांधा आखडला की हात दुखत. आज पंप किंवा मोटर तो आखडलेपणा भरून काढते आणि चालकाला सर्व काही ठीक असल्याचे वाटत राहते. यंत्रणा दोष दाखवत नाहीत असे नाही. त्या दाखवतात, पण क्षीण खुणांनी. या खुणा वाचता येणे आणि त्या पुसून न टाकणे, हाच देखभालीचा खरा अर्थ आहे. भाग बदलणे ही त्या वाचनानंतर येणारी पायरी होय.

खुणा पुसल्या जातात कशा, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रेकच्या द्रवाच्या टाकीत सापडते. पॅड झिजले की कॅलिपरचे दट्टे बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा भरण्यासाठी द्रव खाली जातो आणि टाकीतील पातळी हळूहळू उतरते. ही उतरलेली पातळी म्हणजे पॅड तपासण्याची सूचना असते. परंतु पातळी कमी दिसली की वरून भर घालायची, हा रिवाज इतका रूढ आहे की ती सूचना वाचली जाण्याआधीच बुजवली जाते. नवे पॅड बसवताना दट्टे मागे ढकलले की तोच जादा द्रव टाकीबाहेर सांडतो आणि रंग खातो. पातळी उतरली असेल तर आधी पॅड आणि ड्रममधील शू पाहावेत, मग चाकांच्या आतील बाजू, नळ्या आणि मास्टर सिलिंडरचा मागचा भाग गळतीसाठी पाहावा, आणि कारण सापडल्यावरच भर घालावी, हा क्रम या पुस्तकात आग्रहाने सांगितला आहे.

येथे एका शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. गॅरेजमध्ये आणि दुकानात ब्रेकच्या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात आणि पॉवर स्टेअरिंगच्या द्रवाला ‘स्टेअरिंग ऑइल’. यांपैकी दुसरे बहुधा खरोखरच तेल असते, पहिले मात्र तेल नसते. बहुसंख्य मोटारींतील ब्रेकचा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनतो, तो पाण्यात मिसळतो, आणि ब्रेकमधील वॉशर व सील ज्या रबराचे केलेले असतात ते या द्रवात टिकते पण खनिज तेलात फुगते. स्टेअरिंगमधील रबर याच्या उलट स्वभावाचे असते : ते तेलात टिकते आणि ब्रेकच्या द्रवात खराब होते. दोन्ही टाक्या बॉनेटखाली, दोन्ही द्रव ओतायला सारखे आणि दोघांनाही नाव ‘ऑइल’, अशा परिस्थितीत एकाच्या जागी दुसरे ओतले जाण्याची चूक घडते. तेल ब्रेकमध्ये गेले तर सील फुगून दट्टे अडकतात, ब्रेक सुटत नाहीत किंवा लागत नाहीत, आणि मग नुसता द्रव बदलून भागत नाही. रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो. ब्रेकचे सुटे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धतही याच कारणाने घातक आहे. रूढ शब्द एका पुस्तकाने बदलत नाहीत, परंतु शब्द फसवा आहे एवढे ठाऊक असले तरी हात थबकतो. म्हणून या पुस्तकात सर्वत्र ‘ब्रेकचा द्रव’ आणि ‘स्टेअरिंगचे तेल’ असा भेद पाळला आहे.

ब्रेकच्या द्रवाचा आणखी एक गुणधर्म देखभालीच्या दृष्टीने निर्णायक आहे, तो म्हणजे हवेतील ओलावा शोषून घेणे. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही बाष्प आत शिरत राहते आणि त्यामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, खाली येतो. डब्यावर दिसणारे डॉट ३, डॉट ४ हे क्रमांक अमेरिकेच्या वाहतूक विभागाने ठरवलेल्या प्रती आहेत. नवा, कोरडा डॉट ३ द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जवळची असली तरी रसायने वेगळी आहेत : पहिला सिलिकोनचा, दुसरा ग्लायकॉल वर्गातलाच, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. बहुतेक उत्पादक हा द्रव सुमारे दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी किती धावली याच्याशी या मुदतीचा संबंध नाही, कारण पाणी शोषण्यासाठी गाडीने धावण्याची गरज नसते; कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळी हवेत अंगणात उभ्या असलेल्या मोटारीचा द्रवही म्हातारा होतच असतो. डबा एकदा उघडला की उरलेला द्रवही त्याच मार्गाने जातो, म्हणून फडताळात महिनोन्महिने ठेवलेला अर्धा डबा वापरणे टाळावे.

उत्कलनबिंदूचे हे आकडे पुस्तकी वाटू नयेत म्हणून उष्णतेचा हिशेब पाहावा. ब्रेक गतीला नष्ट करत नाही, तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जा असते. ती एकदा पूर्ण थांबवताना निर्माण होणारी उष्णता साधारण दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते, आणि ती काही सेकंदांत डिस्क आणि ड्रम यांच्या लोखंडात शिरते. वेग निम्मा असता तर ही ऊर्जा चौथा हिस्साच असती. आता तीच मोटार बोरघाटाने खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते आहे असे मानले, तर सुमारे पाचशे मीटरच्या उतारात तिची जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात अठरा-एकोणीस लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातील काही भाग हवेचा व चाकांचा रोध घेतो. उरलेला इंजिनाने घ्यावा की ब्रेकने, हे चालकाच्या गिअरच्या निवडीवर ठरते. खालच्या गिअरमध्ये उतरणारा चालक तो भार इंजिनावर सोपवतो, तर न्यूट्रलमध्ये उतरणारा तो सगळा ब्रेकवर टाकतो. आंबोली, आंबेनळी, ताम्हिणी, कसारा असे घाट ज्या प्रदेशाच्या नित्याच्या वाटेत आहेत तेथे ब्रेकच्या द्रवाचे वय हा तपशील गौण मानता येत नाही.

उष्णतेने ब्रेक दोन वेगळ्या रीतींनी निकामी होतो आणि या दोन्हींतला फरक पायाला ओळखता येतो. पॅडचा पृष्ठभाग फार तापून त्याचे घर्षण कमी झाले, तर पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही. द्रवच उकळून नळीत वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल मऊ होऊन तळाशी जाते, कारण वाफ दाबली जाते आणि द्रव दाबला जात नाही. ब्रेक थंड झाल्यावर दोन्ही लक्षणे नाहीशी होतात आणि गॅरेजमध्ये पोहोचलेली गाडी निर्दोष भासते. तेव्हा चालकाला नेमके प्रश्न विचारून, पेडल घट्ट होते की मऊ, उतारावर होते की सपाटीवर, हे जाणून घेणे हा तपासणीचाच भाग समजावा.

पेडलच्या भाषेतील इतर लक्षणांचे सविस्तर विवेचन पुढील प्रकरणांत येईल. येथे त्यांची रूपरेषा पुरेशी आहे. स्पंजासारखे दबणारे पेडल हवेचे निदर्शक असते. पाय तसाच ठेवला असता हळूहळू खाली बसणारे आणि बाहेर कोठेही गळती न दिसणारे पेडल मास्टर सिलिंडरच्या आतील सील दाब सोडत असल्याचे सांगते. नेहमीपेक्षा घट्ट पेडल बूस्टरकडे बोट दाखवते, आणि त्याची चाचणी सोपी आहे : इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबावे, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे, बूस्टर चांगला असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जाते. पायाला हिसके देणारे पेडल डिस्कची जाडी सर्वत्र सारखी न राहिल्याचे लक्षण आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखाद्या कॅलिपरचा दट्ट्या किंवा सरकपिन अडकलेली असते, लायनरवर तेल गेलेले असते किंवा रबरी नळी आतून फुगलेली असते. अर्थात टायरमधील हवा आधी तपासावी, कारण कमी हवेचा टायरही तसेच फसवतो.

झिजणाऱ्या भागांच्या बाबतीत अंदाजाला जागा देऊ नये. डिस्कवर तिची किमान जाडी आणि ड्रमवर त्याचा कमाल व्यास उत्पादकाने कोरलेला असतो, आणि मायक्रोमीटर किंवा व्हर्निअर लावून तो ताडून पाहायला काही मिनिटेच लागतात. कॅलिपरच्या सरकपिनांना साधे ग्रीस न लावता उष्णता सहन करणारे आणि रबराला न खाणारे ग्रीस लावावे. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये; पूर्वी लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसाला किती घातक आहेत हे आता सर्वमान्य आहे, पण अॅस्बेस्टॉस नसलेली धूळही श्वासाबरोबर घेण्याजोगी नसतेच. ओल्या फडक्याने पुसणे किंवा ब्रेक क्लीनरने धुणे ही सुरक्षित रीत होय. जो मिस्त्री रोज चार गाड्यांची चाके उघडतो त्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे आणि कामाच्या घाईपेक्षा तो मोठा आहे.

पॉवर स्टेअरिंगची रचना समजली की त्याचे आवाजही अर्थपूर्ण होतात. द्रवचलित प्रकारात पंप टाकीतील तेल ओढून दाबाखाली स्टेअरिंगच्या फिरत्या व्हॉल्व्हकडे पाठवतो. या व्हॉल्व्हच्या पोटात पिळाची एक बारीक दांडी असते. चालकाने चाक फिरवले की ती किंचित पिळली जाते, तेवढ्याने तेलाची एक वाट उघडते व दुसरी मिटते, आणि रॅकवरच्या, म्हणजे चाकांना ढकलणाऱ्या दातेरी दांडीवरच्या दट्ट्याच्या एका बाजूला दाब येतो. गाडी सरळ चालली असता हा दाब अल्प असतो. चाक एका टोकापर्यंत वळवून धरले की तो कमालीचा वाढतो आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हला उघडावे लागते. म्हणूनच चाक टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा अधिक धरून ठेवणे हे पंपाला आणि तेलाला तापवणे असते. वळताना येणारी किंचाळी सहसा सैल किंवा गुळगुळीत झालेल्या पट्ट्याची असते, तर कण्हल्यासारखा खोल आवाज तेल कमी असल्याचे किंवा त्यात हवा शिरल्याचे सांगतो. टाकीत फेस दिसला की हवेची खात्री होते. हवा काढताना पुढची चाके उचलून, प्रथम इंजिन बंद ठेवून आणि नंतर सुरू करून, स्टेअरिंगचे चाक सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि पातळी राखत राहावी. येथे घाई केली तर तेल घुसळले जाते आणि फेस वाढतो. तेल वारंवार कमी होत असेल तर रॅकच्या दोन्ही टोकांची घडीची रबरी बुटे चाचपावीत, कारण आतल्या सीलमधून गळणारे तेल कित्येकदा जमिनीवर न पडता त्या बुटांतच साठते आणि गळती दृष्टीआड राहते.

नव्या मोटारींपैकी बहुतेकींत आता तेल नसतेच. विजेवर चालणाऱ्या स्टेअरिंगमध्ये पिळाच्या दांडीची पिळण एक संवेदक मोजतो, नियंत्रक त्यावरून मदतीचे प्रमाण ठरवतो आणि मोटर ती मदत देते. अशा गाडीचे स्टेअरिंग जड झाले तर तपासणीची सुरुवात बॅटरीपासून, तिच्या टर्मिनलपासून आणि अल्टरनेटरपासून करावी लागते, कारण ही मोटर जागच्या जागी वळताना मोठा विद्युतप्रवाह ओढते आणि अशक्त बॅटरी तिला साथ देऊ शकत नाही. काही गाड्यांत चाकांची जुळणी केल्यावर किंवा बॅटरी बदलल्यावर स्टेअरिंगचा मध्यबिंदू नियंत्रकाला पुन्हा शिकवावा लागतो. तरीही एक गोष्ट दोन्ही प्रकारांत समान आहे : मदत बंद पडली तरी स्टेअरिंगचा दांडा आणि चाके यांचा यांत्रिक सांधा तुटत नाही, गाडी जड पण वळती राहते. म्हणून टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट आणि दांड्यावरचे सांधे यांतील ढिलाई तपासणे हे तेल असो वा वीज, प्रत्येक देखभालीत अनिवार्य आहे. मदत गेली तर हात दुखेल, सांधा गेला तर दिशाच जाईल.

कायद्यानेही हा विचार मान्य केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकविषयी आणि नियम ९८ स्टेअरिंगविषयी आहे. स्टेअरिंगच्या चाकावरील मोकळी फिरकी ३० अंशांहून अधिक असू नये आणि बॉल जॉइंटना रबरी आवरण असावे, असे तो सांगतो. तथापि कायदा किमान मर्यादा घालून देतो, आणि तीस अंशांच्या आतली ढिलाई चालवून घ्यावी असा त्याचा अर्थ नाही. चांगल्या मिस्त्रीचे माप नेहमी कायद्याच्या मापापेक्षा कडक असते.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून रचले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारा विद्यार्थी हा त्यांतला पहिला. त्याला इंग्रजी नावे पाठ असतात, पण कारणपरंपरा मातृभाषेत समजावून देणारे लेखन त्याच्या हाती क्वचित पडते. दुसरा वाचक म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेला मिस्त्री, ज्याच्या बोटांना दोष कळतो आणि ज्याला त्या जाणिवेमागचे शास्त्र हवे आहे. तिसरा वाचक वाहनमालक. त्याने पाना हाती घ्यावा अशी अपेक्षा नाही, पण लक्षण नेमक्या शब्दांत सांगता यावे आणि बिलातील प्रत्येक ओळीचे कारण विचारता यावे एवढी अपेक्षा आहे. प्रत्येक प्रकरणात आधी रचना, मग लक्षण, मग तपासणी आणि अखेरीस दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे. एखाद्या विशिष्ट मोटारीचे माप, हवा काढताना चाकांचा क्रम किंवा नटांचा ताण यांसाठी उत्पादकाचे माहितीपुस्तकच प्रमाण मानावे, कारण ब्रेकच्या नळ्या कोठे पुढचे-मागचे असे, तर कोठे तिरप्या जोडीने विभागलेल्या असतात आणि एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा काढण्यासाठी स्कॅनरची मदत घ्यावी लागते.

ब्रेक आणि स्टेअरिंगची दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पाहणाऱ्याला काही दिसत नाही. रंगकाम चमकते, नवे सीट कव्हर नजरेत भरते. नवा द्रव, साफ केलेली सरकपिन, योग्य ताणाने आवळलेला नट मात्र झाकणाआड आणि चाकाआड राहतात, आणि मालक गाडी घेऊन जातो तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून. ज्या कामाची पारख ग्राहकाला करता येत नाही त्याची पारख करणाऱ्यानेच करावी लागते. नवे पॅड बसवले की कॅलिपरचे दट्टे मागे ढकललेले असतात, पेडल पहिल्यांदा रिकामेच खाली जाते, आणि त्या अवस्थेत गाडी मागे घेतली तर ती मागच्या भिंतीपाशीही थांबत नाही. म्हणून या पुस्तकातील ब्रेकविषयीचे प्रत्येक प्रकरण एकाच सूचनेने संपते : गाडी तसूभरही हलवण्याआधी मिस्त्रीने स्वतः आसनावर बसावे, पेडल पायाखाली घट्ट होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावे, स्टेअरिंगचे चाक दोन्ही बाजूंना फिरवून हाताने त्याची साक्ष घ्यावी, आणि मगच किल्ली मालकाच्या हाती द्यावी.